खानापूर केवढं, ते कचेरी ठरवते

बेळगावहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर खानापूर येतं. गॅरेजं, मंगल कार्यालयं, विटांचे ढीग, नव्या प्लॉटांचे फलक यांच्या रांगेत गाव नेमकं कुठून सुरू झालं ते डोळ्यांना कळत नाही. कागदावर मात्र ती रेघ पक्की आहे. एका घराची पट्टी नगरपंचायतीत भरायची आणि चार घरं सोडून पुढच्याची ग्रामपंचायतीत, असं इथे सर्रास आहे. रेघेच्या या बाजूचे लोक खानापूरच्या लोकसंख्येत मोजले जातात, त्या बाजूचे नाहीत. पाणी, दिवे, गटार, बांधकाम परवाना, मतदान आणि जागेचा उतारा हे सगळं त्या एका रेघेवर ठरतं. गावाचा कारभार समजून घ्यायचा तर ती रेघ आधी समजली पाहिजे. पण त्याआधी जमीन.

खानापूर तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर बसलेला आहे. पश्चिमेला कणकुंबीत मलप्रभा उगम पावते, जांबोटीकडून खाली उतरून खानापूरला लागून वाहते, पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात अडते आणि कुडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात देगावजवळ म्हादई उगम पावते आणि उलट दिशेला, गोव्यात उतरते. म्हणजे एकाच तालुक्यावर पडलेला पाऊस काही बंगालच्या उपसागराला जातो, काही अरबी समुद्राला. कळसा-भांडुरा नाल्यांचा वाद याच पाणलोटावरून आहे. पश्चिमेकडे वळणारं थोडं पाणी मलप्रभेत आणायचं, एवढाच त्याचा गाभा. म्हादई पाणीवाटप लवादाने २०१८ मध्ये या दोन नाल्यांसाठी मिळून ३.९ टीएमसी पाणी कर्नाटकाला दिलं.

कणकुंबीकडे पाऊस कोसळतो, खानापुरात मध्यम पडतो आणि पूर्वेला बिडी गावाकडे गेलं की उघडीप जाणवते. त्याच क्रमाने जंगल, भात, काजू, नाचणी मागे पडतात आणि मोकळं रान, ऊस, मका दिसू लागतो. पश्चिमेचा मोठा हिस्सा वनखात्याचा आहे. २०११ मध्ये जाहीर झालेलं भीमगड अभयारण्यच सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. तिथल्या गवाळी, पास्तोळी, कोंगळा यांसारख्या गावांचा पावसाळ्यात नाले फुगले की संपर्क तुटतो. तालुका क्षेत्रफळाने मोठा असून माणसं विरळ का, याचं कारण हे जंगल. आणि एवढ्या मोठ्या तालुक्याला दवाखाना, कोर्ट, बँक, तहसील, रेल्वे स्टेशन यांसाठी एकच जागा, खानापूर.

इथेच पहिला घोळ आहे. रात्री गावात झोपणारी माणसं वेगळी, दिवसा गाव वापरणारी वेगळी. बाजाराच्या दिवशी जांबोटी, नंदगड, लोंढा, गुंजीकडून येणारी गर्दी जो कचरा टाकून जाते तो उचलायला गाडी आणि माणसं रात्री झोपणाऱ्यांच्या पट्टीतून लागतात. अनुदानाचे बहुतेक हिशेब राहत्या लोकसंख्येवर होतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नाही. तालुक्याच्या गावांची गटारं सगळीकडे तुंबलेली का असतात, याच्या उत्तराचा निम्मा भाग हा. उरलेला निम्मा ढिसाळपणा, तो वेगळा.

आता शिडी पाहू. १९६४ च्या कर्नाटक नगरपालिका कायद्याने गावांच्या पायऱ्या ढोबळमानाने लोकसंख्येवर लावल्या आहेत. १० ते २० हजारांचं गाव म्हणजे पट्टण पंचायत, ज्याला आपण नगरपंचायत म्हणतो. २० ते ५० हजार म्हणजे पुरसभा. ५० हजार ते ३ लाख म्हणजे नगरसभा. त्याच्या वर महानगरपालिका. खानापूर पहिल्या पायरीवर, संकेश्वर दुसऱ्या, निपाणी तिसऱ्या आणि बेळगाव चौथ्या. लोकसंख्येखेरीज दर चौरस किलोमीटरला किती माणसं, शेतीबाहेरच्या कामात किती हात, उत्पन्न किती, हेही पाहतात. पट्टण पंचायतीला दर चौरस किलोमीटर ४०० माणसं पुरतात, पुरसभेला १,५०० लागतात. म्हणजे नुसती शेतं हद्दीत ओढून माणसं वाढवली तर दाटी घसरते, आणि बढती दाटीवरही अडते.

बोलताना आपण निपाणीलाही नगरपालिका म्हणतो, संकेश्वरलाही. महाराष्ट्रात महापालिकेच्या खाली नगरपंचायत आणि नगरपरिषद एवढ्याच दोन पायऱ्या असल्याने पलीकडच्या पाहुण्यांना हे समजावताना आणखी गोंधळ उडतो. सोपी खूण अशी की दारावरच्या कन्नड पाटीत 'पट्टण' आहे, 'पुर' आहे की 'नगर' आहे ते बघायचं.

खानापूर २००१ आणि २०११ च्या दोन्ही जनगणनांत वीस हजारांच्या आतच राहिलं. बेळगाव रस्ता, नंदगड-हलियाळ रस्ता, जांबोटी रस्ता या बाजूंना वाढलेली वस्ती पाहिली तर हा आकडा कुणाला पटणार नाही. पण ती वस्ती बरीचशी शेजारच्या ग्रामपंचायतींच्या शिवारात उभी राहिली. जनगणनावाले हद्दीप्रमाणे मोजतात. हद्दीबाहेरच्या एखाद्या गावाला ते 'जनगणना शहर' म्हणून शहरात धरतात खरं, पण त्याला अटी तीन : किमान ५,००० माणसं, चौरस किलोमीटरला ४०० ची दाटी, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात. वाडी-वस्ती मिळून झालेलं शेजारचं गाव यात सहसा बसत नाही. आणि बसलं तरी कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो, नाव तेवढं बदलतं.

या रेघेबाहेर प्लॉट घेणाऱ्याचं काय होतं ते एका उदाहरणाने पाहू. प्लॉट तीस बाय चाळीसचा आहे, म्हणजे १,२०० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे हा एक गुंठा आणि वर दीड आण्याहून थोडं जास्त (आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग). एकरात ४३,५६० चौरस फूट. सगळी जमीन विकली तर एकरात असे ३६ प्लॉट निघतील. पण मंजूर लेआउटमध्ये रस्ते, बाग आणि सार्वजनिक जागा सोडाव्या लागतात, विकायला साधारण ५५ ते ६० टक्के उरतं. म्हणजे २० ते २२ प्लॉट. एजंटाच्या नकाशात एकरी तीस प्लॉट दिसले तर कुठला तरी रस्ता किंवा बाग कापलेली आहे, असं समजायला हरकत नाही. हा हिशेब मोबाइलवर दोन मिनिटांत होतो आणि कुणीही करत नाही.

कागदांचा क्रमही ठरलेला आहे. आधी उतारा, म्हणजे इथला आरटीसी. आपण सवयीने त्याला सातबारा म्हणतो, पण रकाने वेगळे आहेत. ९ व्या रकान्यात मालक आणि ११ व्या रकान्यात बोजा. सोसायटीचं कर्ज, वारसाचा वाद, कोर्टाची मनाई, जे काही असेल ते ११ मध्ये असतं, म्हणून ९ आधी वाचू नका, ११ वाचा. सर्व्हे नंबरातला तुकडा असेल तर भूमापन खात्याचा ११ई नकाशा लागतो. मग भूमहसूल कायद्याच्या कलम ९५ खाली बिनशेतीचा हुकूम, ज्याला सगळे एनए म्हणतात. मग नगररचना खात्याची लेआउट मंजुरी. मग ई-खाता, म्हणजे पट्टीच्या दप्तरातली मालमत्तेची ऑनलाइन नोंद. आणि शेवटी सबरजिस्ट्रारकडे नोंदणी. ई-खाता नसेल तर नोंदणी अडते, त्यामुळे पूर्वीसारखं आधी खरेदी, मग कागद, हे आता चालत नाही.

ग्रामपंचायत हद्दीत हे खातं ई-स्वत्तू या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतून निघतं. कागदपत्रं सरळ असली तर नमुना ९ आणि ११ए मिळतो, नसली तर ११बी. नगरपंचायत हद्दीत यालाच ए-खाता आणि बी-खाता म्हणतात. बी म्हणजे दुसऱ्या दर्जाचा पण कायदेशीर, असा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. बी-खाता म्हणजे तुमच्याकडून पट्टी घेतो एवढंच. बांधकाम कायदेशीर झालं असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं आणि बँका कर्जाला सहसा दारात उभं करत नाहीत.

एनए आहे, मंजुरी आहे, घरही बांधून झालं, तरी दिव्याचा खांब येत नाही, अशी तक्रार रेघेबाहेरच्या प्रत्येक कॉलनीत ऐकू येते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. लेआउट पाडणाऱ्याने रस्ते, गटार आणि मोकळी जागा पंचायतीच्या नावे करून दिलेली नसते. जोवर ते हस्तांतर होत नाही तोवर तो रस्ता खासगी, आणि खासगी रस्त्यावर पंचायतीला पैसा घालता येत नाही. प्लॉट घेताना लेआउटचा रस्ता कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न विचारला तर पुढची दहा वर्षं वाचतात. उत्तर "होईल की" असं आलं तर झालेलं नाही.

आता कोण काय करतं. सीमाभागात जुन्या मुंबई राज्यातले शब्द तोंडात राहिले आणि कचेऱ्या १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूरच्या पद्धतीने गेल्या. होबळी, म्हणजे तालुक्यातला गावांचा महसुली गट, हा म्हैसूरचा शब्द, तलाठी हा मुंबईचा. ज्याला आपण तलाठी म्हणतो तो इथे ग्राम लेखापाल, आणि अलीकडे ग्राम आडळित अधिकारी. ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. सरपंच हे पद इथे नाहीच. ग्रामपंचायतीला अध्यक्ष असतो आणि तो निवडून आलेल्या सदस्यांतून निवडतात, थेट मतांनी नाही. कागल-चंदगडकडच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते हमखास "मग सरपंच कोण?" असं पुन्हा विचारतात.

ग्रामपंचायत साधारण ५ ते ७ हजार लोकसंख्येला एक. डोंगराळ भागात अडीच हजारांवरही चालते, म्हणून खानापूरच्या पश्चिमेला लहान लहान ग्रामपंचायती आहेत. दर ४०० माणसांमागे एक सदस्य. या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, नगरपंचायतीत असतं. खानापूर नगरपंचायतीत २० प्रभाग आहेत, म्हणजे एका नगरसेवकामागे हजाराच्या आत माणसं. बेळगाव महापालिकेत ५८ प्रभाग आहेत, तिथे एका नगरसेवकामागे आठ हजारांहून जास्त. लहान गावात नगरसेवक चहाच्या टपरीवर सापडतो तो यामुळे.

सापडला तरी त्याच्या हातात काय? सदस्यांची मुदत पाच वर्षं, अध्यक्षपदाची ३० महिने, आणि अध्यक्षपद कोणत्या गटाला राखीव ते बेंगळूरहून ठरतं. ती यादी लागली की कुणीतरी कोर्टात जातं आणि सदस्य निवडून येऊनही खुर्ची महिनोन्महिने रिकामी राहते. २०१८ नंतर राज्यभर हे झालं. त्या काळात कारभार प्रशासकाकडे आणि मुख्याधिकाऱ्याकडे जातो. मुख्याधिकारी, म्हणजे चीफ ऑफिसर, हा सरकारी नोकर. ठराव सभा करते, सही त्याची लागते. आमदार आणि खासदारही सभेचे मतदार-सदस्य असतात, त्यामुळे काठावरच्या बहुमतात त्यांची दोन मतं फार महाग पडतात. जिल्हा आणि तालुका पंचायतींची गत आणखी वाईट. शेवटची निवडणूक २०१६ ची, मुदत २०२१ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. नळयोजनेसाठी गावाने ज्या सदस्याकडे जायचं तो सदस्यच नाही.

दाराला कडी लावून बसलेली कचेरी शोधत फिरण्यापेक्षा काम कुणाचं ते माहीत असावं. रस्त्याचा दिवा गेला तर नगरपंचायत, पण खांब वाकला किंवा तार लोंबली तर हेस्कॉम, म्हणजे वीज कंपनी. गल्लीचा रस्ता नगरपंचायतीचा, तालुक्याचे मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, गोव्याचा महामार्ग राष्ट्रीय. जातीचा, उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीत. रेशन तहसीलच्या पुरवठा शाखेत. अर्ज कुठेही द्या, पण सकालची पोच मागा. हा सकाळ नव्हे, 'सकाल' म्हणजे कन्नडमध्ये वेळेवर. २०११ च्या या कायद्याखाली अर्जाला १५ आकडी नंबर मिळतो, कामाची मुदत ठरते, आणि उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. पाचशे रुपयांसाठी कुणी भांडत नाही, पण नंबर असला की फाइल हरवत नाही.

पट्टीचं गणित थोडक्यात. नगरपंचायतीची घरपट्टी जागा आणि बांधकामाच्या सरकारी किमतीवर बसते आणि ती किंमत तुम्हीच फॉर्म भरून मांडायची असते. एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट, जूनअखेर साधी, जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड. दरवर्षी ३ ते ५ टक्के वाढ ठरलेलीच आहे. जमा झालेल्या पैशातून नगरपंचायतीला स्वतःच्या निधीचे २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर गरिबांसाठी आणि ५ टक्के अपंगांसाठी राखावे लागतात. पगार, पाण्याच्या मोटरचं वीजबिल आणि गाड्यांचं डिझेल गेल्यावर नवीन कामाला स्वतःचं असं फार थोडं उरतं. म्हणून मोठं गटार किंवा नळयोजना म्हटली की राज्याच्या किंवा वित्त आयोगाच्या पैशाची वाट पाहायची.

पाण्याचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. पावसाळ्यात दुथडी भरणारी मलप्रभा मार्चपासून डबक्यांत उरते, कारण खानापूर उगमापासून जवळ आहे, नदीमागे साठवणच नाही. अशा नदीवर बंधाऱ्याला फळ्या घालून पाणी अडवतात. फळ्या लवकर घातल्या आणि परतीचा पाऊस जोरात आला तर ओंडके आणि गाळ येऊन त्या तुटतात. उशिरा घातल्या तर अडवायला पाणीच उरत नाही. दोन ओळींत फळ्या असतील तर मध्ये चिकण माती ठासतात. ती नीट ठासली नाही की रात्रंदिवस झिरपून फेब्रुवारीतच पातळी खाली येते, मग जॅकवेलची, म्हणजे नदीतून पाणी उचलायच्या विहिरीची, मोटर हवा ओढते आणि नळाला दिवसाआड पाणी येतं. फळ्या घालायचं काम एका खात्याचं, पाणी उचलायचं दुसऱ्याचं. पाऊस थांबला की फळ्यांचा ठराव झाला का, एवढं नगरसेवकाला विचारणं उन्हाळ्यात मोर्चा काढण्यापेक्षा सोपं.

कागदांची भाषा हा वेगळा डोंगर. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही तरतूद आहे आणि तिच्या अंमलासाठी इथे मोर्चे निघत आले आहेत. काउंटरवरचा फॉर्म मात्र कन्नडच असतो. चार शब्द पाठ असले तरी काम होतं. 'आस्ती तेरिगे' म्हणजे घरपट्टी. 'हेसरु' म्हणजे नाव. 'विळास' म्हणजे पत्ता, कुणाचा विलास नव्हे. नावापुढे 'बिन' आलं की वडिलांचं नाव, 'कोम' आलं की नवऱ्याचं. खरी अडचण नावाच्या अक्षरांची. आधारवर मराठी वळणाचं, उताऱ्यात कन्नड वळणाचं, त्यात आडनाव पुढे की मागे यात फरक. ई-खात्यावर हे जुळलं नाही तर अर्ज परत येतो. दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडलं तर एक फेरी वाचते.

मग शेजारची शिवारं नगरपंचायतीत घेऊन खानापूर पुरसभा का करत नाहीत? ठराव अधूनमधून होतात, पण शेजारची गावं राजी नसतात, आणि त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं नाही. हद्दीत गेलं की घरपट्टी वाढते. रोजगार हमीचं काम ग्रामपंचायत हद्दीतच मिळतं, नगरपंचायतीत नाही. अध्यक्षपद, सदस्यपदं जातात. बदल्यात गटार येईल का, तर रेघेच्या आतल्यांनाच ते आलेलं नसतं. उलट बाजूला कॉलनीतले लोक, ज्यांची शेती नाही आणि ज्यांना पाणी-दिवे हवेत, ते आत यायला तयार असतात. एकाच ग्रामपंचायतीत जुनं गावठाण एका मताचं आणि नवी कॉलनी दुसऱ्या. सीमाप्रश्नाची सावलीही या वादावर असते. महाजन आयोगाने १९६७ मध्ये महाराष्ट्राला द्यायला सांगितलेल्या गावांत निपाणी, नंदगड यांच्याबरोबर खानापूर होतं, त्यामुळे हद्दीची कुठलीही फेररचना इथे नुसती पट्टीची बाब राहत नाही. प्रभाग कसे कापले की कुठल्या भाषेचे किती निवडून येतात, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे.

पुढच्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच हद्दी बदलायची मुभा होती, त्यानंतर त्या गोठल्या. मोजणीची तारीख १ मार्च २०२७. त्या दिवशी रेघेबाहेर राहणारं कुटुंब खानापूरच्या आकड्यात धरलं जाणार नाही, मग त्याचं दुकान भर स्टेशन रोडवर का असेना.